सापाच्या मानेतली खुंटी

ठक्, ठक्, ठक्... आणि मग ठम्म!

हा आवाज मी लहानपणी ऐकला, तो अजून कानात आहे. बाबा होडीच्या फळीत लाकडाची खुंटी ठोकायचे आणि मी वाळूत बसून ऐकायचो. खुंटी आत जात असते तोवर आवाज कोरडा. ठक्, ठक्. ती पुरती बसली की एकदम भरलेला. ठम्म! मग बाबा हातोडा खाली ठेवायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. ती खुंटी पुढे समुद्राच्या बापाला निघायची नाही.

त्या एका ठम्मपायी मी म्हातारपणी भर चर्चमध्ये, नटूनथटून आलेल्या माणसांसमोर, बनियनवर उभा राहिलो. कसा, ते सांगतो. हसायचं तर हसा, आमच्या घरात अजून हसतायत. फक्त चहा भरपूर टाका, कारण माझं बोलणं सावकाश. आमची ही म्हणते, "तुम्ही तोंड उघडलंत की मी कुकर लावते. शिट्ट्या झाल्या की तुमचं वाक्य संपतं."

तर मी होड्यांचा सुतार. भाट्याच्या खाडीकाठी घर. शाळा चौथीतच सुटली. आता लाकडाची होडी कोण बांधून घेतो? सगळ्या फायबरच्या. हल्ली माझ्याकडे येतो तो कोणाचा मोडका पाट, नाहीतर कोणाची कुरकुरणारी खाट.

शेजारी रूथ राहते. सातवीतली पोर. वडील बोटीवर, आई नर्स, त्यामुळे शाळा सुटली की रूथ माझ्या पडवीत. मी रंधा मारतो, ती गोष्टी रचते. आणि गोष्टी तरी कसल्या?

"आजोबा, खाडीवर धुकं पडलंय. ताई आणि तिचा छोटा भाऊ होडीत बसलेत. होडी गळतेय."

"कुठनं गळतेय?"

"ते महत्त्वाचं नाही हो."

"नाही कसं? तळातनं की बाजूतनं?"

"तळातनं!"

"मग कापूस भरायला सांग. बुडतील गो पोरं."

"आजोबा, ऐका ना! धुक्याच्या पलीकडे एक बेट आहे. तिथे दीपगृह आहे, पण त्याला काळ्या सापाने विळखा घातलाय. त्याने दिव्याची ज्योतच गिळून टाकलीय. तिथल्या माणसांना उजेड म्हणजे काय तेही आठवत नाही. सगळे म्हणतात, आपला राजा आपल्याला सोडून गेला."

माझा रंधा थांबला. असं काही ऐकलं की हात चालतात होय?

"मग?"

"मग ताई प्रकाशाच्या तलवारीने सापाचं मुंडकं उडवते. मानेतून उजेड बाहेर येतो. आणि राजाचा आवाज ऐकू येतो, 'भिऊ नका. मी इथेच होतो.'"

"इथेच होता, तर दिवा का नाय लावला त्याने?"

रूथ नख चावत बसली. "त्याचा मी अजून विचार करतेय."

"पण राजा कोण?"

"ओळखा."

"बंदरावरचा साहेब?"

"आजोबा!"

आता खरी अडचण ऐका. रूथला ही गोष्ट नाताळच्या कार्यक्रमात, चर्चमध्ये करून दाखवायची होती. आणि संडे स्कूल चालवतात सुशीलाबाई. निवृत्त शिक्षिका. अंगाने काडीसारख्या, पण कंपाउंडात शिरल्या की कुत्रीसुद्धा सरळ बसतात. त्यांच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं तेच. गोठा, गव्हाण, पुठ्ठ्याची मेंढरं, आणि डोक्याला टॉवेल बांधलेले मेंढपाळ.

"चर्चमध्ये साप? बेट? तलवार?" बाई म्हणाल्या. "नाताळ आहे की सर्कस?"

पाद्रीसाहेब नवे, तरुण. ते म्हणाले, "करू दे हो पोरीला. गोष्टीत आपलाच राजा आहे."

बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण मेंढपाळ मी पहिल्या रांगेत तयार बसवणार. लोक हसायला लागले की मधेच पडदा पाडून गोठा सुरू करीन. आणि मग पुन्हा असल्या गोष्टींचं नाव काढायचं नाही. कबूल?"

रूथ कबूल म्हणून तिथून आली ती थेट माझ्याकडे. डोळे भरलेले.

"आजोबा, लोक हसता कामा नयेत. साप खरा वाटला पाहिजे."

तुम्हाला सांगतो, माझ्याकडून कोणी काही मोठं बांधून घेतल्याला जमाना झाला होता. त्या रात्री मला झोप कसली येते! सकाळी उजाडताच कामाला लागलो. बांबूच्या कड्या केल्या, त्यांवर जुन्या छत्र्यांचं काळं कापड शिवलं. आमच्या कोकणात मोडक्या छत्र्यांना काय तोटा? मुंडकं फणसाच्या ठोकळ्यातून कोरलं. डोळ्यांना जाळ्याचे तरंगते लाल बोये लावले, दातांना शिंपल्या. समोरचा कुत्रा पडवीत यायचा बंद झाला, तेव्हा म्हटलं, जमलं.

"मुंडकं नुसतं टेकवून ठेवा हां आजोबा," रूथने बजावलं होतं. "तलवार लागली की पडलं पाहिजे."

मी तसंच केलं. नुसतं टेकवलं. देवाशपथ! आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी वस्तू सुटी ठेवली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी साप मासळीच्या टेम्पोतून चर्चला नेला. फाटकाशी उतरवताना मुंडकं सुटलं, गडगडत गेलं, आणि थांबलं कुठे? सुशीलाबाईंच्या चपलेपाशी.

बाईंनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे.

"शांतारामकाका, हा साप लोकांना भिववणार, की लोक याला सावरणार?"

सरावाला आलेली मेंढपाळ पोरांची टोळी खिदळली. रूथ मुंडकं उचलून पोटाशी धरून उभी राहिली. आणि इथे, मंडळी, माझा हात आपोआप खिशात गेला. सुताराच्या खिशात एखादी खुंटी असतेच.

"एका मिनिटात बसवतो," मी म्हटलं. "नेण्या-आणण्यापुरती. उद्या कार्यक्रमाआधी काढतो."

मानेच्या कडीतून मुंडक्यात भोक पाडलं, खुंटी लावली, हातोडा उचलला. ठक्, ठक्, ठक्... ठम्म!

असं वाटलं, बाबा मागे उभे राहून हसतायत.

साप रात्रभर चर्चच्या आवारात उभा. डिसेंबरातलं दव तुम्हाला माहीतच आहे, सकाळी कौलांवरून ठिबकतं. आणि सुक्या लाकडाची खुंटी दव पिते. पिऊन फुगते. फुगून भोकात अशी आवळते, की होडी फुटली तरी ती सुटत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही हो. मला आयुष्यात एवढंच तर ठाऊक होतं!

मग दुसऱ्या दिवशी काढली का नाही? त्याचं कारण राजा.

राजाचा आवाज माझाच होता. रूथ म्हणाली होती, "तुमच्यासारखं जड आणि सावकाश दुसरं कोणी बोलतच नाही." मागच्या पडद्याआड उभं राहून माइकवर एवढीशी ओळ म्हणायची. 'भिऊ नका. मी इथेच होतो.' पण मी जन्मात माइक तोंडासमोर धरला नव्हता. सकाळपासून घरात घोकत फिरत होतो. भिऊ नका, मी इथेच होतो. भिऊ नका, मी इथेच होतो. शेवटी ही ओरडली, "अवो, ठाऊक आहे कुठे होतात ते! माझ्या पायात पायात होतात! आता जावा तिकडे!"

हिचे गुडघे दुखतात, म्हणून ही घरीच राहिली. मला मात्र नवा सदरा इस्त्री करून घातला, वर ताकीद दिली, "चुरगाळून आणू नका."

चर्चला पोचलो ते ओळ घोकतच. खुंटी गेली डोक्यातनं, ती गेलीच. पडद्यामागे दिव्यांची ही आच! सदरा घामाने भिजायला लागला. हिची ताकीद आठवली. मी तो अलगद काढला, खिळ्याला अडकवला, आणि बनियनवर माइकपाशी उभा राहिलो. मला कोण बघतंय? मी तर आवाज!

पुढचा पडदा उघडला. काय सांगावं! नारळाची सोडणं जाळून केलेलं धुराचं धुकं. त्यातून ताई झालेली रूथ आणि तिचा भाऊ झालेला छोटा जोएल होडी वल्हवत आले. जोएलने मध्येच खाली वाकून तळात कापूस भरला. ते बघून माझा ऊर भरून आला. धुराने पहिली रांग खोकली, पण हसलं कोणी नाही. मग लाल डोळे चमकले, साप दिसला, आणि कोणाचं तरी बारकं पोर असं भोकाड पसरून रडलं, की मी पडद्यामागे मूठ आवळली. जमलं!

रूथने तलवार उचलली.

"काळ्या सापा, तुझा शेवट जवळ आला!" टक्.

मुंडकं तसंच.

त्या क्षणी मला खुंटी आठवली. 

"अगदी जवळ आला!" टक्.

साप तिच्याकडे बघतोय. शिंपल्या दाखवून.

"आलाच!" टक्! टक्!

मागून कोणीतरी फुसकन हसलं. जोएलने शेपूट धरून मागे ओढलं. तो स्वतःच मागच्या मागे पडद्याशी, माझ्या माइकजवळ बसला, आणि माइकवरून सगळ्या चर्चला ऐकू गेलं, "ताई, हा निघत नाय गो!"

झालं. हशा फुटला. आणि त्या हशात मला पडद्याच्या फटीतून पहिल्या रांगेत सुशीलाबाई उठताना दिसल्या. त्यांनी पिशवीतून घडी केलेले टॉवेल काढले.

"मेंढपाळ, उठा रे."

रूथने पडद्याकडे पाहिलं. तोंड हसरं ठेवलं होतं बिचारीने, पण डोळे... मी होडीतनं पडलेल्या माणसाचे डोळे पाहिलेत. तसे.

पुढचं मी ठरवून केलं नाही. ओळ विसरलो, माइक विसरलो, नवा सदरा विसरलो. मी बांधलेली वस्तू अडलीय आणि पोर बुडतेय, एवढंच कळलं. हातोडा आणि पटाशी घेतली आणि पडदा सारून बाहेर आलो.

"थांब गो बाय," मी म्हटलं. "घाबरू नको. मी हयच आहे. तू हो बाजूला. तुला नाय जमायचं ते."

आणि खाली बसलो. खुंटीचं टोक खालून चाचपलं. पटाशी टेकवली. ठम्म. ठम्म. कान लावला. आता खरं सांगतो, तिथे माणसं बसलीत हेच मला आठवत नव्हतं. ठम्म. आणि मग, ठक्! सुटली. मुंडकं पडलं, गडगडत मेंढपाळांच्या पायांशी गेलं. तिकडे रूथच्या आईने आत लपवलेल्या दिव्याचं बटण दाबलं, आणि मानेतनं असा झगझगीत उजेड वर आला की छतापर्यंत पोचला.

मेंढपाळांनी पाय बाकावर घेतले.

मी खुंटी उजेडात धरली. "बघ," मी म्हटलं, "कशी फुगलीय."

इतक्यात रूथने तलवार टाकली आणि गुडघ्यांवर बसली.

"राजा!" ती म्हणाली. "तू इथेच होतास?"

मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून!

मागे कोणी नाही. समोर पोर हात जोडून बसलेली. विचारलंय, तर उत्तर द्यायला नको? मी म्हटलं, "होय. मी कुठे जातोय? पडद्यामागेच होतो की."

टाळ्या नाहीत, हसणं नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. पाद्रीसाहेब उठून उभे राहिले. 

"बंधुभगिनींनो, राजा म्हटलं की आपण मुकुट शोधतो. या लेकराने आपल्याला राजा कसा दाखवला? सुतार! हातात हातोडा! आणि काय तो वेश!"

वेश? कसला वेश? मला काही कळेना.

"लेकरू तलवार मारून थकलं," साहेब म्हणाले, "आणि तो स्वतः खाली आला. काय म्हणाला? 'तू बाजूला हो. तुला नाही जमायचं ते.'"

"आमेन," कोणीतरी म्हणालं.

मी हात वर केला. "साहेब, म्हणजे त्याचं असं... ती खुंटी... काल दुपारी जरा..."

"बघा!" साहेब म्हणाले. "राजा अजूनही किती नम्रपणे बोलतोय!"

"आमेन!" आता सगळेच.

माझं वाक्य संपायच्या आत प्रार्थना झाली, गाणं झालं, आणि मंडळी केक आणि करंज्यांकडे वळलीसुद्धा. जो तो येऊन माझा हात हातात घेतोय. एकाने तर हातोड्यालाही हात लावून नमस्कार केला. मी प्रत्येकाला सांगायला सुरुवात करतोय, "अहो, ती खुंटी..." आणि प्रत्येक जण डोळे मिटून मान हलवतोय.

रूथ केकचा मोठा तुकडा घेऊन माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. मी विचारलं, "सुताराचं एवढं काय गो?"

तिचा घास तोंडातच राहिला. "आजोबा, येशू सुतार होता. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला कोण सांगणार?" मी थोडा विचार केला. "होड्या बांधायचा?"

"होड्या नसतील. त्याचं गाव डोंगरात होतं. दारं, नांगर, असं काहीतरी."

"मग खुंट्या मारतच असणार."

"असणारच."

तिने केकचा अर्धा तुकडा मोडून मला दिला. मग मी म्हटलं, "माझ्यामुळे तुझी गोष्ट बिघडली गो."

"नाही," ती म्हणाली. "माझी गोष्ट आधीच चुकली होती. मुंडकं ताईने उडवायचं, असं मी रचलं होतं. ते तिला जमणारच नव्हतं. म्हणून तर राजाला काही कामच उरत नव्हतं." तिने केकचा चुरा फुंकून टाकला. मग हळूच म्हणाली, "पण आजोबा, लोक हसले."

"हसले खरे."

"बाईंची अट होती."

 आईने हाक मारली तशी ती उठून गेली. तिच्या पाठीकडे बघून मला वाटलं, नाही, हे बाईंना सांगायलाच हवं. आत्ताच.

चर्च रिकामं होत आलं होतं. सुशीलाबाई व्यासपीठावर एकट्याच होत्या. खाली पडलेल्या मुंडक्याकडे बघत. हातात तसेच ते टॉवेल, घडीही न मोडलेले.

"बाई," मी म्हटलं, "मी राजाबिजा काही नाही. मी... खुंटी काढायला आलो होतो. ती काल मीच मारली. काढायला विसरलो. रात्री... दवाने फुगली. लोक हसले ते माझ्या खुंटीला हसले. पोरीच्या गोष्टीला नाही. पोरीची गोष्ट... मी सगळी ऐकलीय. चांगली आहे. होडीसुद्धा आता गळत नाही. तिला पुढच्या वर्षी नाही म्हणू नका."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल, ते तुम्हीच ठरवा. तेवढ्यात आमच्या घरी भात आणि डाळ दोन्ही झालं असतं. पण त्या दिवशी माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकणारं माणूस एकच भेटलं, ते म्हणजे सुशीलाबाई. मध्ये आमेनसुद्धा म्हणाल्या नाहीत.

माझं संपल्यावर त्या वाकल्या. सापाचं मुंडकं दोन्ही हातांनी उचललं. एका शिंपलीचा टवका उडाला होता, त्यावरून अंगठा फिरवला. मग मेंढपाळांच्या टॉवेलांत ते गुंडाळलं. एक टॉवेल, त्यावर दुसरा, डोळ्यांचे बोये दबणार नाहीत असं, बाळाला गुंडाळतात तसं. भिंतीतलं कपाट उघडलं. त्यात दर नाताळला बाहेर निघणारी गव्हाण होती, पुठ्ठ्याची मेंढरं होती. बाईंनी मेंढरं जरा बाजूला सरकवली, मुंडकं त्यांच्या शेजारी ठेवलं, आणि कपाटाला कुलूप लावलं.

त्यांच्या हातात एक टॉवेल उरला होता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुढे आल्या, तो टॉवेल उलगडला आणि माझ्या खांद्यांवर पांघरला. पुढून नीट ओढून घेतला.

तेव्हा कुठे मी खाली पाहिलं.

बनियन! पोटाशी भोक पडलेली, बगलेत उसवलेली बनियन! हिने इस्त्री केलेला सदरा अजून पडद्यामागे खिळ्यालाच. म्हणजे त्या म्हातारीचे अश्रू, साहेबांचा तो वेश, ते हात हातात घेणं, केक, करंज्या, सगळं या अवतारात! सबंध चर्चने मला राजा म्हणून सांभाळून घेतलं होतं, आणि मला वाटत होतं, सदरा फार शोभून दिसतोय.

मी बाईंचे आभार मानायला तोंड उघडलं. माझं बोलणं हे असं. पहिला शब्द ओठांवर येईपर्यंत बाईंनी पाठ फिरवली, पायऱ्या उतरल्या, आणि फाटकाबाहेर निघून गेल्या.